उजेडाचें माप

मनुष्याच्या सर्व इंद्रियांत डोळा श्रेष्ठ, असें आपण मानीत आलों आहों, आणि तें खोटेंहि नाहीं. परंतु एका कामीं हा डोळा अगदीं बेभरवशाचा ठरतो. उजेड आहे कीं नाहीं, हें तो तत्काळ सांगतो. किती आहे, हें मात्र त्याला सांगतां येत नाहीं. भर दुपारीं अंगणांतून माजघरांत पाऊल टाकावें. क्षणभर अंधारी येते आणि लगेच सारें पूर्ववत् दिसूं लागतें. बाहेर ऊन थोडें अधिक होतें, आंत थोडी सांवली आहे, एवढेंच आपल्याला वाटतें. वस्तुतः स्वच्छ उन्हाचा प्रकाश सुमारें १,००,००० लक्स असतो, आणि दिवे लावलेल्या घरच्या खोलींतला बहुधा १०० ते ३०० लक्स. म्हणजे फरक कित्येक शतपटींचा! डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, आंतला पडदा आपली संवेदना बदलतो, आणि ही प्रचंड तफावत आपल्यापासून लपून राहते. संसाराला ही सोय उत्तम. मोजणीला मात्र घातक.

छायाचित्राच्या फिल्मपाशीं असली सवलत नाहीं. तिच्यावर जितका उजेड पडेल तितकेंच ती बोलते. उजेड कमी पडला, तर सांवलींतले चेहरे कायमचे बुडाले. फार झाला, तर पांढऱ्या वस्त्राच्या चुण्या आणि आकाशांतले ढग एकाच पांढऱ्या डागांत विरून गेले. आणि चूक झाली हें त्याच वेळीं कळावें, तेंहि नाहीं. फिल्म धुऊन निघते तेव्हां तें कळतें. तोंवर लग्नाची वरात घरीं पोंचलेली असते, रांगणारें मूल चालूं लागलेलें असतें, आणि ज्या आजोबांचा फोटो म्हणून एवढा खटाटोप केला, ते कदाचित् या जगांतहि नसतात. म्हणून फिल्मवर काम करणाऱ्याच्या खिशांतील प्रकाशमापक, ज्याला सर्वजण लाइट मीटर म्हणतात, ही निव्वळ हौसेची वस्तु नाहीं. या मापकाची कथा आज आपणांस सांगावयाची आहे. ती कथा ठाऊक असली म्हणजे मापक निवडावा कसा आणि वापरावा कसा, हें बरेंचसें आपोआपच उलगडतें.

श्रोतेहो, १८३९ सालीं पॅरिसमध्यें दागेर याची कृति जाहीर झाली, तेव्हांपासून पुढें जवळ जवळ चाळीस वर्षें अशा मापकावांचून फोटोग्राफरांचें कोठेंच अडलें नाहीं. याचें कारण मोठें मनोरंजक आहे. त्या काळच्या प्लेटी अत्यंत मंद होत्या; जेथें उजेड कित्येक सेकंद किंवा मिनिटें द्यावयाचा, तेथें थोडें मागेंपुढें झालें तरी बिघडत नसे. १८५० नंतर ओल्या कोलोडियनची रीत आली. तींत कांचेवर द्रव ओतावयाचा, ती ओली आहे तोंच चित्र घ्यावयाचें, आणि तेथेंच काळ्या तंबूंत ती धुवावयाची. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले गृहस्थहि होते. त्या सोसायटीच्या आरंभीच्या वर्षांतच या रीतीचा सर्वत्र प्रसार झाला. या रीतींत कष्ट फार, पण एक लाभ मोठा होता. चूक झाली तर ती कांहीं मिनिटांतच डोळ्यांपुढें येई, आणि समोरचा देखावा हलण्यापूर्वीं दुसरी प्लेट घेतां येई. उजेडाचें माप घेण्याचें काम प्रत्येक प्लेट स्वतःच करीत होती.

ही सांखळी तोडली ती कोरड्या प्लेटीनें. १८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्यानें जिलेटिनचा उपयोग सुचविला, आणि १८८० च्या सुमारास कारखान्यांत तयार झालेल्या कोरड्या प्लेटी बाजारांत मिळूं लागल्या. आतां प्लेट पेटींत भरून दूर देशीं न्यावी, तेथें चित्र घ्यावें आणि आठवड्यांनीं घरीं येऊन धुवावें, अशी सोय झाली. परंतु कृति आणि फळ यांच्यामध्यें दिवसांचें अंतर पडलें. शिवाय या प्लेटी इतक्या शीघ्र होत्या कीं एका सेकंदाची चूकहि क्षम्य राहिली नाहीं. उजेडाच्या मापाची गरज खऱ्या अर्थानें जन्मली ती येथें. आज डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्याला चित्र तेथल्या तेथें दिसतें, म्हणजे एका दृष्टीनें तो ओल्या प्लेटीच्याच युगांत परत गेला आहे. फिल्म वापरणारा मात्र अद्याप कोरड्या प्लेटीच्या युगांत आहे.

या गरजेला पहिलें शास्त्रीय उत्तर दिलें तें इंग्लंडांतील विड्नेस गांवच्या क्षारांच्या कारखान्यांतील दोघांनीं. फर्डिनंड हर्टर हा मूळचा स्विस रसायनज्ञ. व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हा एंजिनिअर आणि हौशी फोटोग्राफर. रोजच्या कामांत तराजू आणि ताळेबंद पाहण्याची संवय असलेल्या या दोघांना, फोटोग्राफींतच तेवढा सारा कारभार अंदाजानें चालतो, हें सहन होईना. त्यांनीं १८८८ सालीं अॅक्टिनोग्राफ नांवाच्या एका गणकपट्टीचें पेटंट घेतलें. वर्षाचा दिवस, दिवसाची वेळ, आकाशाची स्थिति, प्लेटीचा वेग आणि भिंगाचें छिद्र एवढें जुळविलें म्हणजे उजेड किती वेळ द्यावा हें ती पट्टी सांगे. पण सूर्याची उंची स्थळागणिक निराळी. त्यामुळें विड्नेसच्या ५३ अक्षांशासाठीं आंखलेला तक्ता मुंबईच्या १९ अक्षांशावर निरुपयोगीच होणार. आणि ज्या ढगाखालीं आपण उभे आहों, तो दाट कीं विरळ, हें शेवटीं ठरवावयाचें डोळ्यानेंच!

याहून मोठें काम या दोघांनीं १८९० सालच्या आपल्या निबंधांत केलें. प्लेटीवर किती उजेड पडला असतां ती किती काळी होते, याचा आलेख त्यांनीं काढला. त्याचा आकार लांबट एस् अक्षरासारखा. मधल्या सरळ भागांत उजेडाच्या चढत्या पायऱ्यांना काळेपणाच्या चढत्या पायऱ्या प्रमाणांत उत्तर देतात. दोन्ही टोकांना मात्र त्या पायऱ्या एकमेकींत दाटून चपट्या होतात. खालच्या टोकाला सांवलींतले तपशील नाहींसे होतात, वरच्या टोकाला उजळ भागांतले. धुण्याच्या क्रियेंत वेळ वाढवून या आलेखाचा चढ कमीअधिक करतां येतो; परंतु जो तपशील उजेडाअभावीं उमटलाच नाहीं, तो कोणत्याहि द्रावणानें उत्पन्न होत नाहीं. निगेटिव्ह घेणाऱ्यानें माप सांवलीचें घ्यावें, हा जो नियम आज गुरु शिष्याला सांगतो, त्याचें मूळ या आलेखांत आहे.

ढगाचा प्रश्न सोडविला तो हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉट्किन्स यानें. पुढें १९२५ सालीं इंग्लंडांतील प्राचीन सरळ वाटांवर ग्रंथ लिहून नांव मिळविणारा तोच हा गृहस्थ. १८९० सालीं त्यानें आणलेल्या मापकांत प्रकाशानें काळवंडणाऱ्या कागदाचा तुकडा असे. तो उजेडांत धरावा, आणि शेजारच्या नमुन्याच्या रंगाइतका तो काळा होण्यास किती सेकंद लागतात तें मोजावें. पुढें खिशांतल्या घड्याळाएवढा त्याचा लहानसा मापक पुष्कळ लोकप्रिय झाला. या युक्तींत खरें चातुर्य होतें. मापकांतला कागद आणि कॅमेऱ्यांतली प्लेट, दोन्हीं चांदीच्याच क्षारांचीं. दोन्हीं निळ्या प्रकाशालाच मुख्यतः ओळखणारीं. एकाच जातीच्या साक्षीदाराकडून साक्ष घेतल्यासारखें तें होतें. परंतु घरांतल्या मंद उजेडांत कागद काळा होण्याची वाट पाहत बसावें लागे, आणि पुढें तांबड्या रंगासह सारे रंग ओळखणाऱ्या फिल्मी आल्या, तेव्हां जुना साक्षीदार अपुरा पडला.

याच सुमारास आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचें काम चाललें होतें. १९१३ सालीं प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट त्यांनीं सूर्यप्रकाशावर घेतला. विजेचा मापक तेव्हां जन्मासहि आला नव्हता. फाळके मूळचे फोटोग्राफर, बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेले. अनुभवी नजर ही त्यांची एक पुंजी. आणि दिवसां घेतलेली फिल्म घरींच, पत्नी सरस्वतीबाई यांच्या साहाय्यानें धुण्याची सोय, ही दुसरी. कृति आणि फळ यांच्यांतील अंतर त्यांनीं असें घरच्या कष्टांनीं कमी केलें होतें.

कागदानंतर एक काळ आला तो नुसत्या दृष्टीच्या मापकांचा. एका नळींतून पाहावयाचें. आंत क्रमाक्रमानें गडद होत जाणाऱ्या कांचेवर आंकडे असत. जो शेवटचा आंकडा वाचतां येईल, त्यावरून उजेड ठरवावयाचा. यंत्र स्वस्त, सुटसुटीत. पण ज्या डोळ्यावर विश्वास नको म्हणून मापक घेतला, त्याच डोळ्याला पुन्हां पंच नेमल्यासारखें झालें. उन्हांतून आलेला मनुष्य एक आंकडा वाचावयाचा, अंधारांत बसलेला दुसरा.

खरा पालट झाला तो विजेनें, आणि त्याचें बीज समुद्राच्या तळाशीं होतें. १८७३ सालीं विलोबी स्मिथ हा इंग्रज विद्युत्-तज्ज्ञ समुद्राखालच्या तारेची परीक्षा करीत असतां सेलेनियम या धातुसदृश द्रव्याच्या कांड्या वापरीत होता. उजेड पडला कीं त्या कांड्यांचा वीज अडविण्याचा गुण बदलतो, असें दिसून आलें. १८७६ सालीं अॅडम्स आणि डे या दोघांनीं दाखविलें कीं, नुसत्या प्रकाशानें सेलेनियममध्यें वीज उत्पन्नहि होते. या गुणाचा उपयोग करून अमेरिकेंतील नेवार्क येथील वेस्टन कंपनीनें १९३२ सालीं हातांत धरण्याचा विजेचा प्रकाशमापक विकावयास काढला. ही कंपनी विजेचीं मापें करण्यांत आधींच विख्यात होती. तिचा संस्थापक एडवर्ड वेस्टन याचा विद्युत्-घट १९११ सालापासून व्होल्टचें प्रमाण म्हणून जगभर मानला जात असे. मापकाची रचना साधी: सेलेनियमच्या चकतीवर उजेड पडला कीं अत्यल्प वीज वाहते आणि तिच्या जोरावर एक कांटा हलतो. बॅटरी नको, वाट पाहणें नको, डोळ्याची साक्षहि नको. १९३५ सालीं झाइस आयकॉनच्या कॉन्टाफ्लेक्स कॅमेऱ्यांत असा मापक अंगचाच बसविला गेला.

आतां प्रश्न सुटला, असें वाटणें साहजिक होतें. पण एक प्रश्न सुटतांच दुसरा उघडा पडला. मापकाला येणारा उजेड कळतो; तो कशावरून येतो, हें कळत नाहीं. समोर जें असेल तें मध्यम करड्या रंगाचें आहे, असें तो धरून चालतो. पांढऱ्या शुभ्र भिंतीपुढें तो म्हणतो, उजेड फार आहे, कमी द्या. आणि भिंत करडी होते. काळ्या कोटापुढें तो म्हणतो, अंधार आहे, अधिक द्या. आणि कोटहि करडाच होतो. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजीचें माप दुरून घेतलें तर खिडकीचाच उजेड मोजला जातो आणि आजीचा चेहरा कोळशासारखा येतो. यंत्र खोटें बोललेलें नसतें. विचारणाराचा प्रश्न चुकलेला असतो.

या अडचणीवर दोन मार्ग निघाले. पहिला डोनाल्ड नॉर्वुड या अमेरिकन गृहस्थाचा. त्यानें मापकावर दुधी रंगाचा अर्धगोल घुमट बसविला आणि १९४० सालीं त्याचें पेटंट मिळविलें. वस्तूवरून परतणारा उजेड मोजावयाचाच नाहीं; वस्तूवर पडणारा मोजावयाचा. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याच्या चेहऱ्यापाशीं मापक धरून घुमट कॅमेऱ्याकडे वळवावा. मग कोट काळा असो वा शालू पांढरा असो, माप एकच येतें, आणि काळें काळें, पांढरें पांढरें उमटतें. दुसरा मार्ग अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांचा. त्यांनीं १९४० च्या सुमारास लॉस एंजल्स येथें शिकवितांना काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे दहाअकरा पट्टे कल्पिले. मापक जें सांगेल तो मधला, म्हणजे पांचवा पट्टा. समोरची वस्तु कोणत्या पट्ट्यावर बसवावयाची, हें फोटोग्राफरानें स्वतः ठरवावयाचें.

या विचाराची परीक्षा पाहणारा प्रसंग १ नोव्हेंबर १९४१ रोजीं अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतांत घडला. सायंकाळीं हर्नांडेझ या खेड्यावरून जात असतां अॅडम्सला एक दृश्य दिसलें: वर चंद्र, दूर हिमाच्छादित डोंगर, आणि खालीं स्मशानांतील क्रूसांवर मावळत्या सूर्याचे शेवटचे किरण. त्यानें घाईघाईनें मोठा कॅमेरा मांडला. पण वेस्टनचा मापक सांपडेना, आणि ऊन तर ढळत चाललें. तेव्हां त्याला आठवलें कीं चंद्राची दीप्ति दर चौरस फुटास २५० कॅन्डल असते. फिल्मचा वेग ६४. त्याचें वर्गमूळ ८. छिद्र ८ वर असतां सेकंदाचा २५० वा भाग दिला तर चंद्र मध्यम करडा येईल. चंद्र दोन पट्टे उजळ हवा, म्हणून चौपट, सुमारें साठावा भाग. भिंगावर पिंवळी कांच होती, ती तिप्पट उजेड मागते. झाला विसावा भाग. छिद्र ३२ वर न्यावयाचें, त्यासाठीं सोळापट. म्हणजे एका सेकंदाला थोडें कमी. त्यानें एक सेकंद दिला. दुसरी प्रत घेण्यासाठीं फिल्म बदलतो तोंच क्रूसांवरचें ऊन निघून गेलें. खालच्या भूमीला उजेड कमीच पडला होता, आणि १९४८ सालीं निगेटिव्हचा तो भाग रासायनिक क्रियेनें त्याला गडद करून घ्यावा लागला. तरीहि चित्र वांचलें. मापक पेटींत राहिला. मापाचें ज्ञान मात्र माणसापाशीं होतें.

आतां आज मापक निवडणाऱ्यासाठीं या कथेंतून निघणाऱ्या चार व्यावहारिक गोष्टी सांगतों.

जुन्या बाजारांत सेलेनियमचे मापक पुष्कळ दिसतात. बॅटरी नसल्यामुळें ते मोह पाडतात. परंतु सेलेनियमची चकती कालांतरानें क्षीण होते, आणि मुंबई-कोंकणासारख्या दमट हवेंत तिचे सांधे गंजतात. म्हणून परीक्षेवांचून घेऊं नये. चकती झांकली असतां कांटा शून्यावर यावा. मग वेग १०० वर लावून भर उन्हांत करड्या पत्र्याचें माप घ्यावें. छिद्र १६ आणि सेकंदाचा सुमारें सव्वाशेंवा भाग यांच्या जवळपास उत्तर आलें पाहिजे. एवढ्यावर न थांबतां सांवलींत आणि घरांतहि खात्रीच्या मापकाशीं तो ताडून पाहावा, कारण उन्हांत खरा आणि अंधारांत खोटा, असा मापक विरळा नाहीं.

दुसरी जात कॅड्मियम सल्फाइडची, १९६० नंतर पसरलेली. ती चांदण्या रात्रींहि काम देते. पण प्रखर उजेड पाहिला कीं कांहीं वेळ त्याची आठवण धरून बसते, आणि तेवढ्यापुरतें चुकीचें सांगते. तिच्यांतील पुष्कळ मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठीं केलेले आहेत, आणि ती बॅटरी आतां बाजारांतून गेली आहे. त्या जागीं १.५ व्होल्टची साधी बॅटरी घातल्यास माप चुकतें. जस्त आणि हवा यांवर चालणारी, श्रवणयंत्रांत वापरतात ती बॅटरी त्यांतल्या त्यांत जवळची. तिसरी जात सिलिकॉनची. ती शीघ्र आणि स्थिर. ज्याला दुरुस्तीचा छंद नाहीं, केवळ चित्रें काढावयाचीं आहेत, त्यानें सिलिकॉनचा, घुमट असलेला मापक घ्यावा, हें माझें स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट आंकड्यांची. फिल्मच्या वेगाचे आंकडे सदाकाळ एकच नव्हते. जुन्या वेस्टन मापकांवर वेस्टनचे स्वतःचे आंकडे असतात. तेथील ८० म्हणजे आजचे १००. अमेरिकन प्रमाण १९४३ सालीं ठरलें, आणि १९६० सालीं त्यांतील राखीव उजेडाची मर्यादा काढून टाकल्यामुळें बहुतेक काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह फिल्मींचे आंकडे दुप्पट झाले. जुन्या पुस्तकांतील आंकडा आजच्या मापकावर आंधळेपणानें लावूं नये, तो यासाठीं.

चौथी गोष्ट वापराची. आपल्या फिल्मला काय हवें, हें आधीं ओळखावें. निगेटिव्ह सांवलीच्या बाजूनें उपाशी राहते. म्हणून जिच्यांत तपशील हवा अशी सर्वांत गडद जागा जवळ जाऊन मोजावी आणि मापकाच्या उत्तरापेक्षां दोन टप्पे, म्हणजे चौथ्या हिश्शाइतका, उजेड द्यावा. कारण सांवली करडी नको, सांवलीच हवी. स्लाइडची फिल्म उलट उजळ भागांत फुटते. तेथें उजळ भाग सांभाळावा. बाहेर परतणारा उजेड मोजतांना मापक किंचित् खालीं झुकवावा, नाहींतर आकाश आपला शब्द मध्येंच घालतें. मूर्तीचें वा फुलाचें अगदीं जवळून चित्र घेतांना भिंग पुढें सरकतें आणि उजेड कमी होतो. पिंवळी वा तांबडी कांच लावली तरी तेंच. हातांतल्या मापकाला यांतलें कांहींच ठाऊक नसतें. तो हिशेब आपणच करावयाचा.

हर्टर आणि ड्रिफील्ड यांच्या गणकपट्टीपासून खिशांतल्या फोनपर्यंत उजेड मोजण्याचीं साधनें किती बदललीं! प्रत्येक नव्या साधनानें माणसाच्या डोळ्यावरचा एक भार उतरविला. पण खिडकीपाशीं बसलेल्या आजीचें चित्र घेतांना खिडकीबाहेरचें झाड दिसावें कीं आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसाव्या, हें कोणत्याहि कांट्याला सांगतां येणार नाहीं. तें आधीं मनाशीं ठरवावें, मग उठून आजीच्या जवळ जावें, आणि तिच्या गालापाशीं मापक धरावा.